पांढरी दाढी चिकटवली म्हणजे म्हातारा होत नाही

गेल्या शनिवारी आमच्यात जोरदार वाजलं. कारण ऐकाल तर हसाल: एका तलवारीची रुंदी.

आम्ही पाच-सहा जण शनिवारी सकाळी एका मित्राच्या फ्लॅटवर जमतो आणि चित्रं काढतो. सगळे आयटीवाले. आठवडाभर दुसऱ्याचा कोड दुरुस्त करून डोकं उठलेलं असतं, त्यावर हा उतारा. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्यांचा कंपू आहे, एवढं सांगितलं की आमच्या लायकीचा अंदाज येईल. बाकीचे टॅब्लेटवर काढतात, मी अजून पेन्सिल आणि खोडरबरवाला. आमच्यातला सगळ्यात धाकटा पंचवीस वर्षांचा आहे, आणि तो मित्रांसाठी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा खेळ चालवतो. त्याला खेळासाठी एक पात्र हवं होतं: साठीकडे झुकलेला भाडोत्री सैनिक. जो पैसे देईल त्याच्यासाठी लढणारा. सगळ्यांनी आपापला काढायचा ठरलं.

मी माझा दाखवला. एक माणूस, कमरेला आखूड तलवार, हातात हॅलबर्ड म्हणजे लांब दांड्याची कुऱ्हाड, तिच्यावर किंचित रेलून उभा. पोरगं दोन मिनिटं बघत राहिलं आणि म्हणालं, "दादा, हा तर सिक्युरिटी गार्ड वाटतोय!"

सगळे खो खो हसले. मीही हसलो. (काय करणार?) मग त्याने स्वतःचा काढून दाखवला. खांदे कलिंगडाएवढे. पांढऱ्याशुभ्र केसांची मागे शेंडी, डोळ्यावरून उभा गेलेला व्रण (डोळा मात्र शाबूत!), आणि पाठीवर एक तलवार. तलवार कसली, आमच्या बाथरूमचा दरवाजा. मी म्हटलं, "अरे, केस सोडले तर हा पंचवीसचा आहे." तर म्हणतो, "फँटसी आहे दादा. ड्रॅगन चालतो, मग तलवार का चालत नाही?"

त्या दिवशी मला धड उत्तर देता आलं नाही. घरी येताना गाडीवर सगळी उत्तरं सुचली, नेहमीप्रमाणे. ती आता लिहून काढतोय.

आधी हिशोब करू, आपला धंदाच तो आहे. त्याच्या चित्रातल्या माणसाच्या उंचीवरून मी तलवारीचं माप काढलं. पातं 150 सेंटीमीटर लांब, 25 रुंद, आणि कडेने जे दिसत होतं त्यावरून दीड सेंटीमीटर जाड. म्हणजे 5625 घन सेंटीमीटर. पोलादाची घनता साधारण 7.85 धरा. 44 किलो! धार लावलीय, टोकाकडे निमुळती आहे, म्हणून उदार मनाने अर्धं सोडून दिलं तरी 22 किलो. मंडळी, अमेरिकेला जाताना आपली चेक-इनची बॅग असते 23 किलोची. ती बेल्टवरून उचलून ट्रॉलीवर ठेवताना काय होतं ते आठवा. आता तीच बॅग एका टोकाला धरून साठीच्या माणसाने दिवसभर फिरवायची आहे.

आणि खऱ्या तलवारीचं वजन किती असायचं? दोन्ही हातांनी धरायची मध्ययुगीन लाँगसोर्ड सव्वा ते दीड किलोच्या आसपास. जास्तीत जास्त पावणेदोन. एका हाताची साधारण एक-सव्वा किलो. सोळाव्या शतकातल्या जर्मन भाडोत्री सैनिकांची ती प्रसिद्ध उंच दोन-हाती तलवार, जिला सगळे राक्षसी म्हणतात, तीही लढाईतली असेल तर दोन ते साडेतीन किलोच्या घरात. यापेक्षा जड आहेत त्या बहुतेक मिरवणुकीच्या. म्हणजे तुमच्या खांद्यावरच्या लॅपटॉपच्या बॅगेपेक्षा सरदाराची तलवार हलकी होती. ती हलकी होती म्हणूनच तर ती मारू शकत होती.

आता तो ड्रॅगनचा मुद्दा. हा युक्तिवाद मी वीस वर्षं ऐकतोय आणि तो साफ चुकीचा आहे. गोष्टीत एक अशक्य गोष्ट घेतली म्हणजे बाकी सगळ्याला सुट्टी मिळत नाही. उलट बाकीचं जास्त घट्ट बांधावं लागतं. ड्रॅगन खोटा आहे म्हणूनच त्याच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाचे गुडघे खरे हवेत. नाहीतर भीती कोणाला वाटणार? ज्याला 22 किलोची बॅग काडीसारखी फिरवता येते त्याला ड्रॅगनचं काय कौतुक!

यावर कोणीतरी 'बर्सर्क'मधल्या गट्सचं नाव घेणारच, तर ते मीच घेतो. गट्ससुद्धा भाडोत्री सैनिकच, आणि त्याची तलवार तर लोखंडाची फळीच. पण केंतारो मिउराने त्या तलवारीचं वजन कधी फुकटात दिलं नाही. ती माणसाच्या हातात शोभत नाही हाच त्या गोष्टीचा मुद्दा आहे, आणि तिची किंमत गट्सचं शरीर पानोपानी मोजतं. शिवाय गट्स तरुण आहे. त्याची तलवार उचलून एका म्हाताऱ्याच्या पाठीवर लटकवली की गोष्ट तिथेच राहते आणि हातात फक्त फळी येते.

आणि माझं खरं भांडण वजनाशी नाहीच. ते आहे वयाशी.

भाडोत्री सैनिक म्हातारा झाला, हे वाक्यच मुळात बातमी आहे. त्या धंद्यात माणसं लढाईत मरायची, त्याहून जास्त छावणीतल्या रोगराईने मरायची. जो साठीला पोचला तो सगळ्यात ताकदवान होता म्हणून नाही पोचला. कधी लढायचं नाही हे त्याला कळत होतं म्हणून पोचला. त्याचं वय हेच त्याचं सगळ्यात मोठं पदक आहे. आणि आपण काय करतो? ते पदक झाकतो, आणि त्याच्या जागी पंचवीस वर्षांच्या पोराचे दंड चिकटवतो.

खरी माणसं बघा. जॉन हॉकवूड. हा इंग्लंडमधल्या एसेक्सचा, आयुष्यभर इटलीत पैसे घेऊन लढला. आज या शहरासाठी, उद्या त्या शहरासाठी. 1387 साली कास्तान्यारोची लढाई त्याने पादुआसाठी जिंकली, तेव्हा तो साठीच्या पुढे होता. काय केलं? समोर कालवा येईल अशी जागा हेरून सैन्य उभं केलं, शत्रूला दमेपर्यंत समोरून धडका मारू दिल्या, आणि योग्य वेळी बाजूने जाऊन हाणलं. 1394 मध्ये फ्लॉरेन्समध्ये मेला तो अंथरुणात. शहराने आधी त्याच्यासाठी संगमरवरी स्मारक करायचं ठरवलं होतं, शेवटी भित्तिचित्रावर भागवलं. (बजेट कटिंग तेव्हाही होतंच.) पाओलो उच्चेलोने 1436 मध्ये काढलेलं ते चित्र आजही तिथल्या कथीड्रलच्या भिंतीवर आहे. घोड्यावर बसलेला माणूस, डोक्यावर टोपी, हातात सेनापतीची छडी. त्या म्हाताऱ्याचं हत्यार म्हणजे ती छडी.

दुसरा ग्योट्झ फॉन बर्लिशिंगेन. जर्मन, मध्ययुग संपता संपताचा. 1504 साली लांड्सहुटच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्यामुळे त्याचा उजवा हात गेला. वय चोवीसच्या आसपास. त्याने लोखंडाचा हात करून घेतला आणि पुन्हा धंद्याला लागला. 1544 मध्ये, साठी ओलांडल्यावर, तो सम्राटासाठी फ्रान्सच्या मोहिमेवर गेला होता. मेला 1562 मध्ये, ऐंशीच्या पुढे. आता सांगा, चित्र काढणाऱ्याला याहून काय हवं? सगळे तो लोखंडी हात काढतात. मला काढायचा असता तर मी डावा काढला असता. चाळीस वर्षं दोन हातांचं काम केलेला डावा.

आणि तिसरा माझा लाडका, उर्स ग्राफ. हा स्वतःच चित्रकार, सोनार आणि भाडोत्री सैनिक. बाझेलचा. मोहिमेवर जायचा आणि परत येऊन तेच काढायचा. सहीच्या अक्षरांत खंजीर गुंफायचा. 1521 सालचं त्याचं रणभूमीचं एक रेखाचित्र आहे: प्रेतांचा खच, मागे कत्तल चालूच, आणि पुढे एक सैनिक शांतपणे बाटली तोंडाला लावून पितोय. बस्स. ना डरकाळी, ना फडफडणारा झगा. ज्याने तलवार खरोखर चालवली होती त्याला ती मोठी करून दाखवायची गरज वाटली नाही. ती गरज आपल्यासारख्या, आयुष्यात फक्त माऊस धरलेल्या लोकांना वाटते.

मग म्हाताऱ्याच्या हातात काय द्यायचं? इथे आपल्या भाषेतला एक शब्द कामाला येतो. मराठ्यांच्या फौजेत बारगीर आणि शिलेदार असा फरक होता. बारगिराला घोडा मिळायचा, शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन यायचा. युरोपातला भाडोत्री सैनिक या बाबतीत शिलेदाराच्या जातीचा. सामान स्वतःचं, स्वतःच्या खिशातून. म्हणजे प्रत्येक वस्तू त्याने कधीतरी विकत घेतली, जिंकली, चोरली किंवा मेलेल्याच्या अंगावरून काढली. तीस वर्षांत जी उपयोगी पडली नाही ती त्याने केव्हाच विकून दारू प्यायला. त्यामुळे त्याच्या अंगावर जे उरलंय त्यातलं प्रत्येक टिकलेलं आहे, त्याच्यासारखंच.

म्हणून हॅलबर्ड. सहा फुटांचा लाकडी दांडा, टोकाला कुऱ्हाड, वर भाल्याचं टोक आणि मागे आकडा. आकड्याने घोडेस्वाराला खाली ओढता येतं. दिसायला गरीब हत्यार. पण 1477 साली नान्सीच्या लढाईत बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स पडला, तेव्हा त्याची कवटी हॅलबर्डच्या घावानेच फुटली असं सांगतात. शेतकऱ्याच्या हातातल्या दांड्याने ड्यूक मारला जातो, ही खरी भीती. आणि म्हाताऱ्यासाठी याचा दुसरा फायदा: पहाऱ्यावर यावर रेलता येतं. हत्यार आणि काठी एकच.

कमरेला आखूड तलवार, 'काट्झबाल्गर'. लांड्सक्नेख्ट म्हणजे जर्मन भाडोत्री सैनिकांची ही खूण. मुठीपुढचा आडवा दांडा इंग्रजी एस किंवा आठच्या आकड्यासारखा वळवलेला. गर्दीत, जिथे लांब काही फिरवताच येत नाही, तिथे उपयोगी. सोबत एक खंजीर. संपलं. आता मजा इथे आहे: पातं रुंद काढण्याऐवजी अरुंद काढा. वर्षानुवर्षं धार लावून लावून घासलेलं, आपल्या आजीच्या विळीच्या पात्यासारखं. मुठीवरचं चामडं नवीन, कारण जुनं कुजलं. म्यानाचं टोक खरडलेलं, कारण बसताना ते जमिनीला लागतं. या तीन रेघा वीस व्रणांपेक्षा जास्त वय सांगतात.

व्रणांवरून आठवलं. डोळ्यावरचा तो फॅशनेबल व्रण कृपा करून आता बंद करा. इंग्लंडमध्ये टाउटन नावाच्या गावी 1461 मध्ये मोठी लढाई झाली होती. 1996 मध्ये तिथे एक सामूहिक कबर सापडली. त्यातल्या एका सांगाड्याच्या जबड्यावर आधीच्या कुठल्यातरी लढाईतला भयानक घाव होता आणि तो भरून आलेला होता. म्हणजे हा माणूस अर्धा चेहरा फाटून घरी आला, बरा झाला आणि पुन्हा लढायला गेला. अशा माणसाचा चेहरा वाकडा असतो. तो एका बाजूने चावतो. बोलताना शब्द पडतात. हे काढायला अवघड आहे, कारण त्याला कवटी माहीत असावी लागते. गालावर पांढरी रेघ मारायला काही लागत नाही.

तसेच पाय. स्वीडनमध्ये विस्बीला 1361 च्या लढाईतल्या मृतांच्या कबरी आहेत, त्यातल्या हाडांवर गुडघ्याखालच्या घावांचं प्रमाण डोळ्यात भरण्याइतकं आहे. ढाल वर धरली की पाय उघडे पडतात. म्हणून माझं मत असं की म्हातारा काढायला चेहऱ्यापासून सुरुवात करूच नये. पायापासून करा. भार कुठल्या पायावर आहे, दुसरा किती जपलाय, हे ठरलं की कंबर ठरते, कंबर ठरली की खांदे, आणि मग चेहऱ्याला फारसं काही करावं लागत नाही.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. तुमच्याशीही माझं भांडण आहे. चिलखतावरचे रिव्हेट मोजणारे, आणि "हे शिरस्त्राण 1450 चं आणि बूट 1480 चे" म्हणून चित्र बाद करणारे. अहो, म्हाताऱ्याच्या अंगावर तीस वर्षांचं अंतर असणारच! तोच तर म्हातारा असल्याचा पुरावा. तरुणपणी घेतलेलं शिरस्त्राण, मध्ये कुठेतरी हाताला लागलेलं छातीचं पोलाद, जे पोटावर आता बसत नाही म्हणून पट्टा सोडून नवीन भोक पाडलेलं. सगळं एका वर्षातलं आणि एका मापाचं असलं की तो माणूस वाटत नाही, म्युझियममधला पुतळा वाटतो. इतिहास वापरायचा तो परीक्षेत मार्क पडावेत म्हणून नाही. वस्तूला एक आयुष्य असतं, ते इतिहासात आयतं मिळतं, म्हणून वापरायचा.

रंगाचंही तसंच. खरेपणा म्हणजे तपकिरी चामडं आणि चिखल, हा समज कुठून आला देव जाणे. लांड्सक्नेख्ट कपड्यांच्या बाबतीत भयंकर हौशी. चिरा पाडून आतलं रंगीत कापड बाहेर काढलेल्या बाह्या, दोन पायांना दोन वेगळे रंग, टोपीवर पिसं. मरायचंच आहे तर झोकात. आता कल्पना करा: तोच झोक, पण पंचवीस वर्षांनंतर. लाल विटून वीटकरी झालेला, चिरा शिवून बंद केलेल्या कारण आता थंडी वाजते, आणि पिसं तीनाचं एक राहिलेलं, पण ते लावलेलं आहेच. ते एक पीस काढताना माझ्या पोटात कालवलं.

राहता राहिलं ताकदीचं. इटलीतला फिओरे देई लिबेरी हा तलवारबाजीचा उस्ताद. त्याने 1410 च्या सुमारास, चाळीसेक वर्षं या विद्येत घालवल्यावर, चित्रांचं एक पुस्तक करवून घेतलं. त्यात एका माणसाभोवती चार प्राणी काढलेत. पायाखाली पाठीवर बुरूज घेतलेला हत्ती, म्हणजे बळ आणि स्थिरपणा. एका बाजूला वाघ, म्हणजे वेग. दुसऱ्या बाजूला सिंह, म्हणजे धाडस. आणि डोक्यावर हातात कंपास घेतलेला लिंक्स, म्हणजे नजर आणि अंदाज. वय झालं की वाघ जातो. हत्ती थकतो. सिंहाचं मी सांगू शकत नाही. पण तो कंपासवाला जनावर मात्र साठीतच खरं कामाला लागतं. ज्याचं चित्र काढायचं ते हे. आणि आपण काय काढतो? चौथ्यांदा हत्ती.

आता त्या सिक्युरिटी गार्डबद्दल.

पोरगं बोललं ते शंभर टक्के बरोबर होतं. माझ्या चित्रातला माणूस आमच्या सोसायटीच्या गेटवरून घेतलाय. रात्रपाळीचे काका, सैन्यातून निवृत्त. ऑफिसमधून उशिरा येताना मी त्यांना रोज बघतो. कधी बसलेले नसतात. भार डाव्या पायावर, उजवा गुडघा जरा सैल, काठी शरीराला लागून उभी. टॉर्च नेहमी एकाच खिशात, न बघता हात जातो. मी एकदा विचारलं, "काका, जरा तसेच उभे राहा ना, चित्र काढतो." तर म्हणाले, "किती वेळ?" मी म्हटलं, "वीस मिनिटं." ते हसले. "साहेब, वीस मिनिटं म्हणजे काय? रात्रभर हेच करतो की." आणि त्या वीस मिनिटांत माझी पेन्सिल दोनदा मोडली, ते हलले नाहीत. फक्त नजर गेटमधून आत येणाऱ्या प्रत्येक गाडीवर जाऊन परत येत होती.

तर मित्रा, तू ज्याला एपिक नाही म्हणून हसलास, तो त्या खोलीत एकटाच होता ज्याने कधी खरं हत्यार चालवलंय. तुझा दोष नाही. आपण सगळेच त्यांच्यासमोरून रोज फोनमध्ये बघत जातो. म्हातारी माणसं आपण बघतच नाही, म्हणून ती आपल्याला काढता येत नाहीत. मग तरुण माणूस काढून वर पांढरा रंग फासतो आणि उरलेली जागा भरायला तलवार मोठी करतो. ती दरवाजाएवढी तलवार म्हणजे फँटसी नव्हे रे. तो आपला आळस आहे.

पुढच्या शनिवारी पुन्हा जमतोय. मी पोराला सांगितलंय, येताना दीड किलोची काहीतरी लांब वस्तू घेऊन ये. हात पुढे करून पाच मिनिटं धरायची. नंतर बोलू तलवारीच्या रुंदीबद्दल.